अठ्ठेचाळीस रिकाम्या जागा

ओश, १२ डिसेंबर १९७८

तुर्दी,

सलाम घे. तब्येत कशी, थंडी किती, हे सगळं पुढच्या पत्रात विचारीन. आज मी संतापले आहे, आणि संताप तुझ्यावरच आहे.

काल कोकंदच्या बसचा ड्रायव्हर माझ्या दुकानात टोपी घ्यायला आला होता. त्याने माझ्यासाठी अक्रोड आणले होते, ते वर्तमानपत्रात बांधलेले. अक्रोड राहिले बाजूला. त्या कागदावर तुझा तो जिवाभावाचा एर्गाश उभा! कालव्याकाठच्या नव्या चायखान्याच्या छताखाली, हात मागे बांधून, जणू छत त्यानेच जन्माला घातलं. खाली छापलंय, ‘नक्षीकार एर्गाश यांची अपूर्व कल्पना’.

मी चष्मा पुसून छताकडे पाहिलं. त्या नक्षीतली फांदी मी ओळखते, तुर्दी. मागच्या हिवाळ्यात मी दोन महिने तुझ्याकडे होते, तेव्हा मस्तुरा उशांना टेकून बसायची, गुडघ्यावर कागद घ्यायची, आणि पेन्सिलीच्या रेघेवरून सुईने एकेक भोक टोचत जायची. नवी नवरी म्हणून आली तेव्हा सुई कशी धरायची हे तिला मी शिकवलं होतं. ती फांदी तिची आहे. तुझीसुद्धा नाही, मग त्या एर्गाशची कुठून झाली?

आणखी ऐक. फांदीच्या टोकाला म्हणे मुद्दाम जागा मोकळी सोडली आहे आणि तो म्हणे ‘नक्षीचा श्वास’ आहे. कसला श्वास! आपल्या मस्तुराने आयुष्यात कधी काही रिकामं सोडलं नाही. मिठाच्या बरणीच्या बुडालासुद्धा फूल काढणारी बाई ती.

तिचे टोचकागद त्याच्या हाती लागले कसे? तू काय करत होतास? त्या घराला आपण काय कमी दिलं? त्याच्या आईने, सबोहत खालाने, मस्तुराला शेवटचं न्हाऊ घातलं, म्हणून रिवाजाप्रमाणे मस्तुराचे कपडे तिचे. तिसऱ्या दिवशी मी स्वतः पेटी उघडली आणि सगळ्यांत चांगलं तेच तिला दिलं. ती हिरवी मखमल, अजून गुंडाळीसुद्धा न मोडलेली, होती तशी उचलून चाळीस बायकांसमोर माझ्या हाताने तिच्या हातात ठेवली. आणि तीच मखमल ठेवून घेतलेल्या घराने तिच्याच कामावर हात मारावा!

तक्रार कर. आजच कर. आणि तुझा तो लावा जिवंत आहे का, तेही कळव. माणसांची खबर तू देत नाहीस, निदान पक्ष्याची दे.

तुझी बहीण,
खोसियत


कोकंद, २८ डिसेंबर १९७८

खोसियत ओपांना, माझ्या थोरल्या बहिणीला, सलाम.

मी बरा आहे. लावाही बरा आहे.

कागद कसे गेले ते मला माहीत नाही. चाळीस दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. जाऊ द्या.

छत मी पाहिलं आहे. एकदाच गेलो. चहा मागवला आणि प्यायलो नाही. तुम्ही श्वासाचं लिहिलंत म्हणून सांगतो, नाहीतर सांगणार नव्हतो. मस्तुराने फांदी बुडापासून टोचत आणली होती. फक्त टोक उरलं होतं. त्या दिवशी तिचा हात थरथरायला लागला, तेव्हा तिने सुई पडद्यात खोचली आणि म्हणाली, “उरलेलं उद्या.” उद्या तिला सुई धरता आली नाही. परवा तर ती नव्हतीच.

तुम्हाला आमचं काम ठाऊक आहे. टोचलेला कागद लाकडावर ठेवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर आपटत जायची. भोकं असतील तिथेच काळे ठिपके उतरतात. भोकं नसतील तिथे काही उतरत नाही. एर्गाशला वाटलं, नक्षीच तशी आहे. त्याने ती अठ्ठेचाळीस फळ्यांवर उतरवली. माझ्या बायकोचा हात जिथे थांबला, ती जागा त्याने अठ्ठेचाळीस वेळा नक्कल करून छताला ठोकली आहे. लोक खाली बसून चहा पितात आणि तिला श्वास म्हणतात.

टोकाला काय होतं ते मलाही माहीत नाही. पेन्सिलीने तिने काढलं होतं. मी जवळ गेलो की तळवा ठेवून झाकायची. म्हणायची, “छतावर चढेल तेव्हा बघा. आधी बघितलंत तर काढू देणार नाही.” आणि हसायची, इतकं की खोकला लागायचा. मला छताचं श्रेय नको, ओपा. तिने तिथे काय काढलं होतं तेवढंच मला हवं आहे. तो कागद नाही तर तेही नाही.

मी काम करतो. तुळयांमध्ये बसवायच्या अर्धगोल पट्ट्या अंगणात मांडतो आणि कागदाशिवाय, आठवणीने ती फांदी काढतो. टोकापर्यंत येतो. बदाम काढून पाहिला, डाळिंबाचं फूल काढलं, कळी काढली. सगळं खोटं दिसतं. मग ती पट्टी तंदूरमध्ये घालतो. आतापर्यंत साठ गेल्या.

२० जानेवारीला तिच्या वर्षाचं जेवण आहे. तुम्ही या.

तुर्दाली


ओश, १५ जानेवारी १९७९

तुर्दी,

सुनेचे दिवस भरलेत, मला हलता येत नाही. माझ्या नावाने तू हात उचलून दुवा माग.

तुझं पत्र वाचून मी दुकानातच रडले. एक गिऱ्हाईक टोपी डोक्यावर घालून तसंच उभं राहिलं बिचारं. पण रडणं संपलं, राग संपलेला नाही. साठ पट्ट्या जाळल्यास! त्यावर भाजलेल्या रोट्या तरी पोटभर खाल्ल्यास का, की त्यासुद्धा पक्ष्याला घातल्यास?

तू लहानपणापासून असाच. तुझ्याआधीची तीन मुलं गेली, म्हणून आईने तुझं नाव तुर्दाली ठेवलं, की हा तरी टिकावा. टिकलास खरा, पण जगाकडे पाठ करून. कुणी मारलं तर भिंतीकडे तोंड, कुणी खेळणं हिसकावलं तर भिंतीकडे तोंड. मस्तुरा मला म्हणायची, “ओपा, माझ्या नवऱ्यात आणि लाव्यात फरक एवढाच, की लावा पिंजऱ्यात रुसतो.” आम्ही दोघी तोंडाला रुमाल लावून हसायचो, आणि तू अंगणात ब्रश धूत असायचास.

आता हसू येत नाही. ड्रायव्हर सांगत होता, एप्रिलात ताश्कंदहून तीन परीक्षक येणार आहेत आणि एर्गाशला किताब मिळणार आहे. फोटो, भाषणं, अंगावर मानाचा झगा, सगळं होणार. तू आणि तो एका उस्तादांकडे राहिलात, एका परातीतून एकोणीस वर्षं जेवलात. मस्तुराच्या जनाज्याला पहिला खांदा त्याचा होता. तोच खांदा आता नवा झगा घालणार!

तू लिहिणार नसशील तर मी लिहीन. मला अक्षरं येतात, आणि शिव्याही येतात.

खोसियत


कोकंद, २ फेब्रुवारी १९७९

ओपा,

लिहू नका. मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मागतो आहे. तुमच्या पाया पडतो.

वर्षाचं जेवण झालं. एर्गाशही आला होता. मी पुलाव वाढला. सगळ्यांना चौघांत एक परात, त्याला एकट्याला वेगळी. त्याने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. त्याने तीन घास खाल्ले, दुवा मागितली आणि निघून गेला. मला जे बोलायचं होतं ते बोलून झालं आहे.

सून बाळंत झाली का? काय झालं?

तुर्दाली


ओश, २० फेब्रुवारी १९७९

तुर्दी,

मुलगी झाली. गोरीपान, ओरडते मात्र माझ्यासारखी. नाव मस्तुरा ठेवलं आहे. मला विचारून ठेवलं आणि मी हो म्हणाले.

मी लिहिलं. रजिस्टर पोस्टाने, ताश्कंदला, परीक्षकांच्या नावे. ‘नक्षी माझ्या मेलेल्या भावजयीची, कागद चोरीचे, चोर एर्गाश’ असं तिसऱ्याच ओळीत घातलं, म्हणजे पुढे वाचायचा कंटाळा आला तरी मुद्दा कळावा. एक नक्कल एर्गाशलाही पाठवली. पाठीमागून बोलायची सवय मला नाही.

तू म्हणे वेगळी परात वाढलीस! वा! माणसाने तुझं घर लुटलं आणि तू त्याला एकट्याला भरपूर पुलाव वाढलास. किती मोठी शिक्षा! पाया पडतोस कशाला? कुणाला भितोस? त्या एर्गाशला? तुझी मला लाज वाटते, आणि ही गोष्ट मी बहीण म्हणून लिहिते आहे, रागाच्या भरात नाही. बरं, रागाच्या भरातही लिहिते आहे.

खोसियत


कोकंद, १८ मार्च १९७९

आदरणीय खोसियत ओपा,

तुमच्या पत्राची नक्कल पोचली. ताश्कंदहूनही मला खुलासा विचारला आहे. तो मी त्यांना दिलाच आहे, पण तुम्ही मोठ्या, तुम्हाला उत्तर न देणं मला शोभणार नाही.

तुम्ही मला चोर म्हटलंत. ओपा, आठवा. तिसऱ्या दिवशी माझ्या आईच्या हातात हिरव्या मखमलीची गुंडाळी कुणी ठेवली? तुम्ही. चाळीस बायकांसमोर, स्वतःच्या हाताने, अल्लाचं नाव घेऊन. आईने घरी येऊन ती उंबऱ्यावर झटकली, तेव्हा आतून कागद पडले. कोळशाने कागद खराब होऊ नयेत म्हणून मस्तुराने ते मखमलीत गुंडाळून पेटीत ठेवले असणार. न्हाऊ घालणाऱ्या बाईला दिलेली वस्तू तिची होते, हा रिवाज तुम्हाला मी सांगायला नको. मी काही चोरलं नाही. तुमच्या हातून मिळालं.

तुर्दाली आठव्या दिवशी विचारायला आला होता. मी ‘माहीत नाही’ म्हणालो, हे खरं. घरात पाहुणे होते, तो धड शुद्धीत नव्हता, मला वाटलं पुढे बोलू. छत झाल्यावर तो पुन्हा आला. तेव्हा मी त्याला मखमलीचं सांगितलं. तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “हे ओपाला कधी कळता कामा नये. कागदावर मी हक्क सांगणार नाही, छताबद्दल तोंड उघडणार नाही. तू हे वाक्य कुणाजवळ बोलू नकोस.” मी शब्द दिला होता. तो मी पाळलाही असता. तुमच्या पत्राने मला तो मोडायला लावला.

आणखी एक लिहितो. उस्तादांकडे एकोणीस वर्षं माझाही घाम गळला. तुर्दालीची रेघ पाहिली की उस्ताद उठून उभे राहायचे. माझी पाहिली की म्हणायचे, “ठीक आहे, स्वच्छ आहे.” स्वच्छ! एकदा तरी लोकांनी मान वर करून माझं छत बघावं, एवढंही मला वाटू नये का?

आपला,
एर्गाश


ओश, २४ मार्च १९७९

तुर्दी,

एर्गाशचं पत्र आलं. मी ते चार वेळा वाचलं. आता माझं ऐक.

मी दिले. मी. या हातांनी. गुंडाळी जड लागली होती, हे मला आज आठवतंय. मला वाटलं अस्तर असेल. घर बायकांनी भरलं होतं, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि नणंदेने पहिल्या प्रतीची वस्तू दिली असं त्या बघत आहेत याचं मला बरं वाटत होतं. हो, बरं वाटत होतं! म्हणून मी गुंडाळी सोडून पाहिली नाही. ऐट केली मी, मेलेल्या पोरीच्या कपड्यांवर ऐट केली. आणि मग वर्षभराने वर तोंड करून दुसऱ्याला चोर म्हणाले. ताश्कंदपर्यंत म्हणाले. रजिस्टर पोस्टाने!

आज दुकान उघडलं नाही. सून दोनदा चहा घेऊन आली, मी परत पाठवली.

पण तू? तू कोण रे माझी लाज झाकणारा? मला सांगितलं असतंस तर मी मेले असते का? मी पन्नाशी ओलांडलेली बाई आहे, दोन मुलं पुरली आहेत, नवरा पुरला आहे. एवढं ऐकून मी मोडले नसते. मी त्याच दिवशी पायी कोकंदला येऊन सबोहत खालाच्या दारात बसले असते आणि कागद घेऊनच उठले असते. तू मात्र भिंतीकडे तोंड केलंस, बायकोचं काम देऊन बहिणीची झोप विकत घेतलीस, आणि मी ती झोप खुशाल झोपले. वर तुला भित्रा म्हणाले, तुझी लाज वाटते म्हणाले. हे सगळं मला परत कसं घेता येईल, तेवढं सांग.

मी दिलं ते कापड दिलं. कापड त्यांचं. कागद पडलेले पाहून ज्याने ते उचलून ठेवले, आठव्या दिवशी तुझ्या तोंडावर नाही म्हणाला, आणि आज तुला दिलेला शब्द मोडून मला हे पत्र लिहिलं, तो चोरच. यात मी तसूभर माघार घेणार नाही.

तर आता, भावा, त्याने सौदा मोडला आहे. तू मोकळा झालास. झाकायला काही उरलं नाही. किताब जाऊ दे खड्ड्यात. तुला टोकाला काय होतं ते बघायचं आहे ना? मग जा आणि कागद माग. पाठ फिरव, तुर्दी. या वेळी भिंतीकडे फिरव.

खोसियत


कोकंद, १९ एप्रिल १९७९

ओपा,

हे पत्र लांबेल. आयुष्यात मी एवढं लिहिलेलं नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी पट्ट्यांना रंग लावत होतो. अंड्याचा बलक कालवलेला होता, तो वाळून गेला, इतका वेळ मी बसून राहिलो. मग एर्गाशच्या घरी गेलो. तो नव्हता. सबोहत खाला अंगणात रेशमाच्या किड्यांना तुतीचा पाला घालत होत्या. मी म्हणालो, “खाला, मखमलीत कागद होते.” त्या म्हणाल्या, “होते की. एर्गाश म्हणाला, तो परत द्यायला गेला तेव्हा तूच ते त्याला दिलेस. आता तुला बघवत नाहीत म्हणून.” मी म्हणालो, “मी दिले नाहीत.” बस, एवढंच बोललो. त्यांनी हातातला पाला खाली ठेवला आणि आत गेल्या. पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मी परत आलो.

परीक्षक १६ तारखेला आले. मी गेलो तेव्हा ते मधल्या चौथऱ्यावर बसले होते, दोन पुरुष आणि जाड चष्म्याची एक म्हातारी बाई. एर्गाश काठीने छत दाखवत होता. भोवती रोजचे म्हातारे आपापले लावे पिंजऱ्यांत घेऊन बसले होते. एर्गाश म्हणत होता, “टोकाची जागा मी मोकळी ठेवली, कारण नक्षीलाही श्वास लागतो.”

असा राग मला कधी आलाच नव्हता, ओपा. मी चौथऱ्यापाशी गेलो आणि म्हणालो, “मला किताब नको, छत नको. मला याच्याजवळचा एक कागद बघायचाय.”

“आला! आता हा बोलणार,” एक म्हातारा म्हणाला. “जुन्या चायखान्यात अठरा वर्षं आमच्याबरोबर बसला, कधी साखरसुद्धा मागितली नाही.”

एर्गाशचा चेहरा पांढरा पडला, पण आवाज शांत होता. “टोचकागद काम झाल्यावर कोण ठेवतं? फाटले. टाकून दिले.”

तेवढ्यात दाराशी गडबड झाली. सबोहत खाला आत आल्या. चायखान्यात, ओपा. पुरुषांच्या गर्दीत, पांढरा रुमाल कपाळापर्यंत ओढून. म्हातारे पाय आवरून उभे राहिले. त्यांच्या हातात हिरव्या मखमलीची गुंडाळी होती. त्या कुणाकडे न बघता चौथऱ्यापर्यंत आल्या, गुंडाळी सोडली, कागद माझ्यासमोर ठेवले आणि मखमल परत घडी घालून काखेत धरली. मग मुलाला म्हणाल्या, “या हातांनी मी तिला न्हाऊ घातलं. तिचे कपडे, तिचं कापड माझं. कागद काही अंगावर घालायचे नव्हते.”

एर्गाश म्हणाला, “आई, घरी जा.”

“जाते. तू जेवायला येऊ नकोस.” आणि त्या गेल्या.

कागद काळेकुट्ट झाले होते. अठ्ठेचाळीस वेळा त्यांच्यावरून कोळसा फिरला होता. मी टोकाचा कागद उजेडात धरला आणि हंसाच्या पिसाने हळूहळू झाडायला लागलो. आधी पान दिसलं, मग दुसरं पान, मग भोकं संपली. पुढे फक्त पेन्सिलीची रेघ होती, पुसट, पण होती. मी फुंकर मारली.

तो लावा आहे, ओपा. फांदीच्या टोकावर बसलेला. मान खांद्यांत खुपसलेली, चोच तिकडे, पाठ आपल्याकडे. शेपटीची दोन पिसंसुद्धा रागाने वर आलेली काढली आहेत.

चष्म्याच्या बाईंनी वाकून पाहिलं. “हे काय आहे?”

मी म्हणालो, “मी आहे.”

आधी कुणाला कळलं नाही. मग तोच म्हातारा ओरडला, “अरे, हा रुसलाय!” आणि अख्खा चायखाना हसायला लागला. मीही हसलो. रडतही होतो. ती तळवा ठेवून का झाकायची ते मला तेव्हा कळलं. पंधरा महिने मी बदाम आणि कळ्या काढत बसलो होतो, आणि तिने मला चेष्टेने छतावर बसवायचं ठरवलं होतं, सगळ्या कोकंदच्या डोक्यावर.

एर्गाश म्हणाला, “छतावर जिवंत प्राणी काढत नाहीत, हे उस्तादांनीच शिकवलं. म्हणूनच मी तो गाळला.”

मी म्हणालो, “आत्ताच तू त्याला श्वास म्हणालास.” त्यावर त्याने काठी खाली ठेवली.

तुम्ही विचाराल, न्याय झाला का? नाही झाला. परीक्षकांनी ‘निर्णय राखून ठेवला’ असं लिहिलं, मग एका हाकेवर जेवायला गेले, आणि जेवण एर्गाशनेच सांगून ठेवलेलं होतं. दाराच्या पाटीवर अजून त्याचंच नाव आहे. ती पाटी दिसली की माझ्या डोक्यात अजून जाळ होतो, आणि तो जाळ आता मला विझवायचाही नाही. पण दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्यांनी एक केलं. आपापले पिंजरे भिंतीच्या खिळ्यांवरून काढले आणि छताच्या रिकाम्या जागांखाली एकेक टांगले. आता कुणी श्वास म्हणत नाही. चहा आणणारा विचारतो, “कुठे बसणार?” आणि लोक सांगतात, “मस्तुराच्या लाव्याखाली.”

कागद घरी आहेत. मी नवीन पट्ट्या घासून ठेवल्या आहेत. आमच्या पाहुण्यांच्या खोलीचं छत करायचं आहे, हे ती आजारी पडायच्या आधी ठरलेलं होतं. फक्त टोक टोचायचं राहिलं आहे. मी दोनदा बसलो. मला जमत नाही. भोकं मोठी होतात, माझा हात ब्रशचा आहे. सुई अजून पडद्यात तिथेच खोचलेली आहे. मी ती काढलेली नाही. तिला सुई धरायला तुम्ही शिकवलंत. तुम्ही या आणि ते टोक टोचा.

तुम्ही दिलेलं तुमच्याच हाताने पुरं होऊ दे. त्याशिवाय मला ते परत आल्यासारखं वाटणार नाही.

तुर्दाली


ओश, २६ एप्रिल १९७९

तुर्दी,

गुरुवारच्या बसने येते आहे. ड्रायव्हर तोच, त्याला पुढची जागा राखायला सांगितली आहे. छोट्या मस्तुराला सुनेसकट बरोबर आणते, पोर मी सांभाळीन, सुनेला चार दिवस झोपू दे.

सुई पडद्यातून काढू नकोस. हातही लावू नकोस. मी आल्यावर काढीन, गंजली असेल तर राखेने घासीन.

सबोहत खालाकडे मी आधी जाणार आहे, तुझ्याकडे नंतर. तिच्यासाठी टोपी नाही, भरतकामाची पूर्ण चादर आणते आहे. मखमलीबद्दल एक शब्द काढणार नाही, दिलेलं ते दिलेलं. माझ्या पत्राने तिच्या मुलाचं नाव ताश्कंदपर्यंत नेलं, आणि तरी ती बाई चायखान्यात चालत आली. तिच्यासमोर मला बसायचं आहे. एर्गाश मात्र दिसला तर त्याच्याशी मी बोलणार, आणि तू मध्ये पडायचं नाहीस. त्या पाटीबद्दल ताश्कंदला दुसरं पत्र लिहून तयार आहे. या वेळी माझी चूक पहिल्या ओळीत लिहिली आहे, म्हणजे पुढच्या ओळींत मला मोकळेपणाने शिव्या देता येतील.

टोक मी टोचीन. पेन्सिलीच्या रेघेबाहेर एक भोक जाणार नाही. तू मागे उभा राहून ‘ओपा, मान जरा वर करा, चोच जरा इकडे वळवा’ असलं काही म्हणालास तर सुई तुझ्याच बोटात घुसवीन. रुसलेला आहे तो, रुसलेलाच राहू दे. तिने तसाच पाहिला होता, आणि तरी फांदीवर जागा दिली होती.

खोसियत